उलट्या मोजू नका, प्राण्याकडे बघा

कुत्रा आणि मांजर ही दोन्ही जनावरं माणसापेक्षा कितीतरी सहज ओकतात. घाईनं गिळलेलं अन्न, उकिरड्यावर तोंड घालून खाल्लेलं शिळंपाकं, अंग चाटताना पोटात गेलेले केस, पहाटे रिकाम्या पोटात साठलेलं पित्त, यातलं काहीही बाहेर पडतं आणि पाच मिनिटांनी तेच जनावर पुन्हा शेपूट हलवत दारात उभं राहतं. पाळणाऱ्याला हे इतक्यांदा दिसतं की उलटीत काळजीसारखं काही नसतं, अशी त्याची खात्री होऊन बसते. ती खात्री अगदी निराधार नाही. बहुतेक उलट्या खरोखर आपोआप थांबतात. अडचण एवढीच, की ज्या थोड्या उलट्या जीवघेण्या आजाराची खूण असतात, त्याही पहिल्या तासाला हुबेहूब तशाच दिसतात. मग घरात मोजणी सुरू होते. दोनदा झाली, तिसऱ्यांदा झाली तर नेऊ. आता रात्र झाली, सकाळी बघू. माझं म्हणणं असं, की ही मोजणीच चुकीच्या गोष्टीची आहे. रात्रीच दवाखाना गाठायचा की घरी थांबायचं, हे उलट्यांच्या आकड्यावरून ठरवू नये. उलटीच्या जोडीला त्या प्राण्याचं बाकी काय चाललं आहे, यावरून ठरवावं. आणि एवढं बघूनही शंका उरली तर निघावं, कारण इथे होऊ शकणाऱ्या दोन चुकांची किंमत सारखी नाही.

आकडा किती फसवा असतो हे बघायचं तर जिच्यात एकही उलटी होत नाही अशा अवस्थेपासूनच सुरुवात करावी लागेल. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये कधीकधी जठर वायूनं फुगतं आणि स्वतःभोवतीच फिरतं. पिशवीचं तोंड पिळावं तसे जठरात येण्याचे आणि जठरातून जाण्याचे दोन्ही मार्ग बंद होतात. कुत्रा ओकायला जातो, मान पुढे काढतो, पोट आत ओढतो, पण बाहेर येतो तो नुसता फेस किंवा चिकट लाळ. त्याला एका जागी बसवत नाही, बरगड्यांमागे पोट टम्म फुगलेलं दिसतं. घरचे म्हणतात, उलटी तर झालीच नाही, गॅस झाला असेल. आत मात्र फुगलेलं जठर मोठ्या रक्तवाहिन्या दाबत असतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होत असतं, जठराच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटत असतो. काही तासांत कुत्रा शॉकमध्ये जातो. हे औषधानं सुटत नाही. पोटातला वायू काढावा लागतो, शस्त्रक्रियेनं पीळ सोडवावा लागतो आणि जठर पुन्हा फिरू नये म्हणून ते पोटाच्या भिंतीला टाचावं लागतं. वेळेत शस्त्रक्रिया झालेली बहुसंख्य कुत्री वाचतात; न झालेली जवळजवळ सगळी दगावतात. वाढतं वय, भराभर खाण्याची सवय, दिवसातून एकदाच भरपूर खाणं आणि सख्ख्या नात्यात हा आजार झालेला असणं, यांनी धोका वाढतो असं अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधनात दिसून आलं आहे. अशा जातीचं कुत्रं ज्यांच्या घरी आहे त्यांनी कोरडी उबळ आणि फुगलेलं पोट ही जोडी पक्की लक्षात ठेवावी. ती दिसली की फोनवर सल्ला विचारत बसण्यातही वेळ घालवू नये. गाडीत बसावं आणि वाटेतून फोन करावा.

आतड्यात काही अडकलं असेल तर आकडा दुसऱ्या तऱ्हेनं फसवतो. आपल्याकडे आंब्याच्या दिवसांत कोयी इकडेतिकडे पडलेल्या असतात आणि गोडीला लागून कुत्री त्या गिळतात. दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस, मटणाचं हाड, लहान मुलाचा मोजा, रबरी चेंडूचा तुकडा हेही तसंच पोटात जातं. कोय जठरात असेपर्यंत कुत्रा दिवसाकाठी एखादी उलटी करतो, मधल्या वेळात खेळतोही. ती पुढे सरकून लहान आतड्यात रुतली की चित्र बदलतं: खाल्लेलं टिकत नाही, मग पाणीही टिकत नाही, शी होईनाशी होते, पोटाला हात लावला की कुत्रा अंग आखडतो. अडकलेल्या वस्तूच्या दाबानं त्या जागी आतड्याची भिंत मरू लागते, पुढे ती फाटते आणि आतली घाण पोटभर पसरते. आतडं जिवंत असताना नेलं तर एक चीर देऊन वस्तू काढता येते. एक-दोन दिवस वाट बघून नेलं तर मेलेला तुकडा कापून दोन टोकं जोडावी लागतात, आणि त्या शस्त्रक्रियेचा धोका, मुक्काम आणि खर्च पहिलीपेक्षा कितीतरी जास्त असतो. मांजरांच्या बाबतीत दोरा हा याहून वाईट. शिवणाचा दोरा, संक्रांतीनंतर गच्चीवर उरलेला मांजा, भेटवस्तूची रिबीन यांचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं. आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि दोरा त्याला आतून कापत जातो. कधीकधी मांजर फार ओकतही नाही. नुसतं कोपऱ्यात बसून राहतं, जेवणाकडे फिरकत नाही. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. ओढल्यानं आतडं चिरतं. आहे तसा ठेवून मांजर डॉक्टरकडे न्यावं.

काही उलट्यांचा तर पोटाशी संबंधच नसतो, आणि पाळणारे सर्वांत जास्त तिथेच चुकतात असं मला वाटतं. बोक्याची लघवीची नळी खडे किंवा चिकट घाणीनं तुंबली की तो मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, थेंबभर लघवी करतो किंवा काहीच करत नाही. त्याला बद्धकोष्ठ झाला असा समज होतो. तो ओकू लागतो तेव्हा लघवीतून जायला हवीत ती द्रव्यं रक्तात साठलेली असतात आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. अशा बोक्याला सकाळपर्यंत थांबवणं म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणं. नसबंदी न केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर साधारण महिना-दोन महिन्यांत ओकू लागली, खाईनाशी झाली आणि भांडीच्या भांडी पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका आधी घ्यावी. बाहेर स्राव दिसला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो आणि ती अवस्था अधिक घातक असते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टो, गोचिडांमुळे होणारे ताप, मूत्रपिंड निकामी होणं, मधुमेह हाताबाहेर जाणं, एप्रिल-मेच्या उन्हात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला होणारा उष्माघात, या सगळ्यांत उलटी होते. लेप्टो तर कुत्र्याच्या लघवीतून घरच्या माणसांनाही होऊ शकतो.

विषबाधेत आकडा सर्वांत क्रूरपणे फसवतो, कारण तिथे उलटी थांबल्यावरच खरा आजार सुरू होतो. मांजरानं लिलीच्या फुलाचं पान किंवा पाकळी चावली, एवढंच काय, अंगावर सांडलेले परागकण चाटले, तरी ते काही तासांत ओकतं. मग बरं वाटल्यासारखं दिसतं. घरात हायसं वाटतं. एक ते तीन दिवसांत त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि तेव्हा नेऊन फारसा उपयोग नसतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या बाबतीत असंच करतात. नाशिक-सांगलीच्या आपल्या मुलखात दिवाळीच्या लाडवापासून प्रसादाच्या शिऱ्यापर्यंत बेदाणा कुठेही असतो आणि लाडानं तो कुत्र्याला भरवलाही जातो. द्राक्षातलं नेमकं काय बाधतं, हे कोडं अनेक वर्षं सुटत नव्हतं. 2021 च्या सुमारास अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञ पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि त्यांना तो दुवा सापडण्यात चिंचेचाही वाटा होता. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं तशाच प्रकारे निकामी झालेली त्यांनी पाहिली होती. ज्या घरात आमटीला चिंच लागते त्या घरानं ही गोष्ट माहीत करून घेतलीच पाहिजे. बंगल्यांच्या बागेत हौसेनं लावलेलं सायकस, विशेषतः त्याच्या बिया, आधी उलट्या करवतात आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी करतात. उंदीर मारायच्या झिंक फॉस्फाइडचा प्रकार आणखी वेगळा. जठरातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. विष उतरावं म्हणून दूध-भात घातला तर जठरात आम्ल वाढतं आणि वायू जास्तच तयार होतो. अशा कुत्र्याच्या उलटीचा वास माणसांनाही बाधतो, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवून त्याला न्यावं. विष पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी उलटीची वाट बघायची नसते. पाकीट, पानाचा तुकडा, गोळीचं रिकामं आवरण सोबत घ्यावं. डॉक्टरांचा अर्धा शोध तिथेच संपतो.

पिल्लांच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन की त्यांना थांबण्याची मुभाच नाही. पार्व्होचा विषाणू 1978 मध्ये ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू आधी मलूल होतं, मग ओकतं, मग घाण वासाचे रक्ताचे जुलाब सुरू होतात. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं मरतात. वेळेत सलाईन आणि शुश्रूषा मिळालेली बहुतेक वाचतात. विषाणूला मारणारं हुकमी औषध नसतानाही हे घडतं. कारण पिल्लू बहुतांशी मरतं ते अंगातलं पाणी आणि साखर संपल्यानं, आणि आतड्याच्या सोललेल्या अस्तरातून जंतू रक्तात शिरल्यानं. ही घसरण तासांच्या हिशेबात होते. पिल्लाच्या एवढ्याशा देहात शिल्लक म्हणून काही नसतं.

मग बघायचं काय? सर्वांत आधी पाणी. दोन घोट पाणी पोटात टिकतं की नाही, हा प्रश्न उलट्या किती झाल्या या प्रश्नापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. पाणी टिकत नसेल तर त्या प्राण्याला सलाईन लागणार, आणि सलाईन घरी लागत नाही. त्यानंतर ओठ वर उचलून हिरडी बघावी. ती ओलसर आणि गुलाबी असायला हवी. बोटानं दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. फिकट पांढरी, निळसर, विटेसारखी लाल, पिवळी किंवा तपकिरी हिरडी यातलं काहीही दिसलं तर तेवढं एक कारण निघायला पुरेसं आहे. आपल्या देशी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा जन्मतःच काळ्या असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघावा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती उभीच राहिली तर शरीर बरंच सुकलं आहे. कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर किंवा 99 च्या खाली गेलं तर थांबू नये. उलटीत ताजं रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट गाळ, म्हणजे पचलेलं रक्त, काळं डांबरासारखं शौच, झटके, झोकांड्या, धाप, पोटाला हात लावू न देणं, लघवी न होणं. यांपैकी एकही गोष्ट उलटीच्या जोडीला आली की चर्चा थांबवावी. या सगळ्याहून साधी खूण मात्र मोजपट्टीत बसणारी नाही आणि ती फक्त घरच्यांनाच कळते: तो रोजचा तो राहिलेला नाही. दाराची घंटा वाजूनही जो उठला नाही, ओळखीची हाक ऐकून ज्यानं कान टवकारला नाही, त्याच्याबद्दल घरच्या माणसाला वाटणारी शंका डॉक्टरांनी आणि घरातल्या इतरांनीही गंभीरपणे घ्यावी. कुत्रा आणि मांजर दोघंही दुखणं लपवतात, मांजर तर फारच. ते जेव्हा दिसू लागतं तेव्हा ते बरंच पुढे गेलेलं असतं.

इथे एक सावधगिरीची सूचना मध्येच द्यायला हवी. घशात हाड अडकल्यासारखा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, पाणी गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असं कुत्रं दिसलं तर त्याच्या तोंडात हात घालू नये. रेबीजचा एक प्रकार असाच दिसतो. आपल्या देशात ही शक्यता विसरून चालणार नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की हे सारं वाचून माणूस प्रत्येक ओकारीला दवाखान्यात धावेल, त्याचा पैसा जाईल आणि डॉक्टरांच्या दारात विनाकारण गर्दी होईल. हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच घरी थांबणं कधी योग्य ते स्पष्ट सांगायला हवं. लसी झालेला, एरवी धडधाकट असा प्रौढ कुत्रा एक-दोनदा ओकला, पण चुणचुणीत आहे, पाणी टिकतं आहे, लघवी होते आहे, हिरड्या गुलाबी आहेत, विषारी किंवा अडकण्याजोगं काही खाल्ल्याचा संशय नाही, तर काही तास जेवण बंद ठेवून थोडं थोडं पाणी देत घरी थांबायला हरकत नाही. नंतर तिखट, मीठ, हळद, तेल यांपैकी काहीही न घालता शिजवलेला मऊ भात आणि उकडलेलं चिकन थोडं थोडं द्यावं. मात्र त्या थांबण्याला मुदत हवी आणि त्या मुदतीत कुणीतरी खरोखर बघत असायला हवं. दर दोन-तीन तासांनी उठून हिरडी बघणार नसू, तर आपण थांबलेलो नाही, नुसते झोपलो आहोत. दिवस उलटूनही उलट्या चालूच राहिल्या तर कुत्रा कितीही बरा दिसत असला तरी त्याला दाखवावं. मांजराला उपाशी ठेवून वाट बघण्याचा प्रयोग तर करूच नये. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या, विशेषतः जाड मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागतं. आणि पिल्लू, म्हातारा, गाभण, मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी यांना ही मुदत लागू नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे घरचे उपाय. ओव्याचं पाणी, हिंगाचं ताक, इनो, नाहीतर घरात असलेली माणसाची उलटीची गोळी. थोडं देऊन बघितलं तर बिघडलं काय, असं विचारलं जातं. बिघडतं ते असं, की उलटी हा आजार नसून आजाराची खूण आहे, आणि खूण पुसली म्हणून आजार जात नाही. आतड्यात कोय अडकलेल्या कुत्र्याला उलटीची गोळी दिली तर ओकणं थांबतं, घरचे निर्धास्त होतात आणि आतडं मरत राहतं. हीच औषधं पशुवैद्यही वापरतात, पण तपासून, पोटात काही अडकलेलं नाही याची शक्य तेवढी खात्री करून. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या तर सरळ विष ठरतात. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते; पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. उलट्या बाजूनं, विष बाहेर काढायचं म्हणून मिठाचं पाणी पाजणं ही जुनी समजूत आहे. त्यानं रक्तातलं सोडियम इतकं वाढतं की झटके येऊन प्राणी मरू शकतो. फिनेल, ॲसिड, रॉकेल पोटात गेलं असेल तर ओकवणंच घातक, कारण जाताना जळालेला घसा येताना पुन्हा जळतो, आणि रॉकेल फुप्फुसात उतरतं. ओकवायचं की नाही हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि गावाकडे तो हमखास ऐकू येतो: रस्त्यावरची कुत्री कुणाच्या दवाखान्यात जातात? गवत खातात, ओकतात, बरी होतात. गवताबद्दल बोलायचं तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये पाळणाऱ्यांकडून मोठ्या प्रमाणावर माहिती गोळा केली, तेव्हा गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री अगदी थोडी निघाली आणि गवत खाऊन नेमानं ओकणारी पाव हिश्शाहूनही कमी. गवत म्हणजे कुत्र्यानं स्वतःवर केलेला उपचार, या समजुतीला त्यातून दुजोरा मिळत नाही. आणि रस्त्यावरची कुत्री बरी होतात असं वाटतं, कारण जी बरी होतात तीच आपल्याला पुन्हा दिसतात. एका वेतात जन्मलेली सहा पिल्लं पावसाळ्यानंतर दोन का उरली, हे कुणी विचारत नाही. शिवाय पाळलेल्या प्राण्याला आपण दाराआड ठेवलेलं असतं. त्यानं काय खावं, कुठे जावं, हे आपण ठरवतो. त्याच्या दुखण्याची जबाबदारी त्याबरोबरच येते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम हेच सांगतं: ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानं त्याच्या हिताची वाजवी काळजी घ्यावी आणि त्याला अनावश्यक यातना होऊ देऊ नयेत.

सर्वांत अवघड आक्षेप पैशाचा. रात्रीची तपासणी, क्ष-किरण, रक्ताच्या चाचण्या, सलाईन, हे सगळं खर्चिक आहे आणि पगारावर जगणाऱ्या घराला ते जड जातं. काही ठिकाणी नको त्या चाचण्या करायला लावतात, अशीही तक्रार असते. त्या तक्रारीला उत्तर आहे: कोणती चाचणी कशासाठी, ती केली नाही तर निर्णय बदलेल का, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि चांगला डॉक्टर ते शांतपणे सांगतो. हाती पैसे कमी असतील तर तेही आधीच सांगावं. कमी खर्चात काय करता येईल याचा विचार त्यामुळे करता येतो. पण खर्चाच्या भीतीनं उशीर केला तर खर्च कमी होत नाही, हे मी वर आतड्याच्या उदाहरणात दाखवलं आहे. पार्व्होची लस आणि पार्व्होचे उपचार यांच्या खर्चाची तुलना केली तरी हेच दिसेल. विनाकारण मारलेली एक रात्रीची फेरी म्हणजे थोडे पैसे आणि थोडी झोप, एवढंच नुकसान. हकनाक थांबून गेलेल्या रात्रीची भरपाई होत नाही. शंकेच्या वेळी निघावं असं मी म्हणतो, ते या हिशेबावर.

मात्र निघून जायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर एकट्या पाळणाऱ्याकडे नाही. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, त्याच आवारात 1886 चं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. पुण्यासारख्या शहरातही रात्री उघडे असणारे खासगी दवाखाने मिळतात. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी मात्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना दिवसा चालतो, आणि त्याची घडण गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी झालेली आहे. 1962 या क्रमांकावर येणारी फिरती पथकंही मुख्यतः पशुधनासाठीच आहेत. त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याची गाय वाचणं आधी आवश्यक आहे. पण कुत्री-मांजरं पाळणारी घरं आता लहान गावांतही वाढली आहेत. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. तिथे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना घेऊन रात्रीचा तातडीचा विभाग चालवला, तर विद्यार्थी शिकतील आणि आसपासच्या जिल्ह्यांची सोय होईल. महापालिका कुत्रा पाळण्याच्या परवान्यासाठी शुल्क घेतात. त्या परवान्याच्या पावतीमागे शहरातल्या रात्रपाळीच्या दवाखान्यांची यादी छापायला फारसा खर्च येणार नाही. लहान शहरांतल्या खासगी डॉक्टरांनी आपसांत आठवड्याच्या रात्री वाटून घ्याव्यात आणि त्या रात्रीचा क्रमांक सगळ्यांच्या दारावर लावावा. एकट्या डॉक्टरनं चोवीस तास जागं राहावं, ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक पाळणाऱ्यानं प्राणी धडधाकट असताना, दिवसाउजेडी, थोडी तयारी करून ठेवावी. रात्री कोण बघतं, ते किती लांब आहे, तिथे क्ष-किरण आणि शस्त्रक्रियेची सोय आहे का, हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच विचारा आणि तो क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका. मोठं कुत्रं उचलून गाडीत कसं घालणार, मांजराची पेटी कुठे आहे, रिक्षावाला मध्यरात्री नेईल का, हेही ठरवून ठेवा. लसींची वही हाताशी ठेवा. प्राण्याच्या हिरडीचा निरोगी रंग एकदा नीट बघून घ्या, म्हणजे बदलला तर ओळखता येईल. आणि ज्या रात्री घरात कुणी म्हणेल, दोनदाच तर ओकलाय, सकाळी बघू, त्या रात्री आधी उठून दिवा लावा, त्याचा ओठ वर उचला, त्याला दोन घोट पाणी द्या आणि मगच ठरवा.